दात, टाळू आणि बालातिसार : रोटाव्हायरस व त्याच्या लसीकरणाचा विचार

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांच्या दवाखान्यात पौष-माघाच्या थंडीत एक रुग्ण हमखास येतो. वय आठ ते बारा महिने, आजीच्या कडेवर, अंगात थोडा ज्वर, काल दोन-तीन वेळा वांती झालेली आणि आज सकाळपासून पाण्यासारखे पातळ मलप्रवर्तन. निदान बहुधा घरूनच ठरून आलेले असते : दात येत आहेत. हे निदान ऐकून आपणही मान डोलवितो, कारण ते आपल्या ग्रंथांतही आहे असे आपल्या स्मरणात असते. प्रस्तुत लेखात या निदानाचा थोडा पुनर्विचार करावा, बालातिसाराचे एक प्रमुख कारण असलेल्या रोटाव्हायरसचा परिचय करून घ्यावा आणि त्याच्या लसीकरणात आपला वाटा कोणता, हे पाहावे असा आमचा हेतू आहे.

आमची एक चूक

विषयप्रवेशापूर्वी आमचाच एक अनुभव नमूद करणे उचित होईल. महाराष्ट्रातील नियमित लसीकरणात रोटाव्हायरसची लस येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. जानेवारी महिन्यात सांगोला तालुक्यातील एका वस्तीवरून दहा महिन्यांचा मुलगा आमच्याकडे आला. आईवडील डाळिंबाच्या बागेत मजुरी करणारे. आजी म्हणाली, "डॉक्टर, दात याय लागल्यात पोराला, म्हणून पोट बिघडलंय." तपासले तर खालच्या हिरडीतून दोन दातांची टोके खरोखरच दिसत होती. ज्वर मंद होता, मूल किरकिरत होते, पण डोळ्यांत पाणी होते. आम्ही बालचातुर्भद्र चूर्ण मधातून दिले, हिरडीस लावण्यास सांगितले, "घाबरू नका, दातांचे आहे" असे म्हणालो आणि घरी पाठविले. किती वेळा वांती झाली, लघवी केव्हा झाली, हे विचारले नाही. जलसंजीवनीची पुडी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तेच मूल परत आले. टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, पोटाची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश खाली जात होती. आदल्या संध्याकाळपासून लघवी नव्हती. रात्री कोणा जाणत्याने "टाळू पडली" म्हणून डोक्यावर तेल भरले होते. मुलास तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. शिरेवाटे द्रव देऊन पाचव्या दिवशी मूल घरी आले. मूल वाचले, परंतु त्या खर्चासाठी घरातील दोन शेळ्या रविवारच्या सांगोल्याच्या बाजारात विकल्या गेल्या. आदल्या दिवशी दवाखान्यात दहा मिनिटे अधिक दिली असती, तर हे सारे बहुधा टळले असते. हा लेख त्या दहा मिनिटांविषयी आहे.

ग्रंथ काय सांगतात?

अष्टांगहृदयाच्या उत्तरतंत्रातील दुसऱ्या अध्यायात, बालामयप्रतिषेधात, वाग्भटाचार्यांनी दंतोद्भेद हा बालकांच्या सर्व रोगांचे कारण होऊ शकतो असे सांगून ज्वर, मलभेद, कास, छर्दि इत्यादी विकार विशेषकरून गणले आहेत. दात आल्यावर हे विकार स्वतःहून शमतात, म्हणून बालकास फार नियंत्रणात ठेवू नये, असेही तेथे म्हटले आहे. आपल्या स्मरणात राहतो तो एवढाच भाग.

परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, "अतियंत्रण करू नये" याचा अर्थ "चिकित्सा करू नये" असा होत नाही. त्याच अध्यायात या विकारांची दोषानुसार चिकित्साही सांगितलेली आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच अध्यायात पुढे तालुकंटक या व्याधीचे वर्णन येते. मस्तकावर टाळूच्या जागी खोलगटपणा, स्तनद्वेष, कष्टाने पिणे, पातळ मल, तृष्णा, वांती आणि मान धरता न येणे ही त्याची लक्षणे होत. आचार्यांनी संप्राप्ती कफदुष्टीच्या अंगाने मांडली आहे, हे खरे. तथापि ही लक्षणे एकत्र ठेवून आज कोणत्याही बालरोगतज्ज्ञास वाचून दाखविली, तर तो त्यास अतिसारजन्य तीव्र जलक्षय असेच म्हणेल. तालुकंटक म्हणजे निव्वळ जलक्षय असा आमचा दावा नाही. मात्र ज्या ग्रंथाच्या आधारे आपण "दातांचे आहे" म्हणून मूल घरी पाठवितो, त्याच ग्रंथाच्या त्याच अध्यायात त्या मुलाची दुसऱ्या दिवशीची अवस्था वर्णिलेली आहे, एवढे निश्चित.

मग दात आणि अतिसार यांचा संबंध लोकांना पिढ्यान्‌पिढ्या का दिसत आला? याचे उत्तर वयात आहे. साधारण सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात. याच सुमारास मातेकडून गर्भावस्थेत मिळालेली प्रतिपिंडे क्षीण होतात, क्षीराद अवस्था संपून वरचे अन्न सुरू होते, मूल रांगू लागते आणि हाती लागेल ती वस्तू तोंडात घालते. हिरड्या शिवशिवत असल्याने तर अधिकच घालते. रोटाव्हायरसच्या तीव्र आजाराचे मुख्य वय सहा ते चोवीस महिने हेच आहे. आपल्या देशात तर तो पहिल्या वर्षातच मोठ्या प्रमाणावर गाठतो. दात आणि जुलाब एकाच वेळी येतात, म्हणून एकाने दुसरा होतो असे वाटते.

व्याधिपरिचय

१९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसारग्रस्त बालकांच्या ग्रहणीच्या अंतस्त्वचेचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत चाकासारखे दिसणारे विषाणू आढळले. लॅटिन भाषेत चाकास रोटा म्हणतात, त्यावरून हे नाव रूढ झाले. हा आरएनए विषाणू असून त्याची जनुकीय सामग्री अकरा तुकड्यांत विभागलेली असते व तिच्याभोवती प्रथिनांचे तिहेरी कवच असते. बाह्य कवचावरील दोन प्रथिनांवरून त्याचे जी आणि पी असे प्रकार ओळखले जातात.

प्रसार मल-मुखमार्गाने होतो. रुग्ण बालकाच्या एक ग्रॅम मलात अब्जावधी विषाणू असतात आणि नवीन बालकास बाधा होण्यास त्यांतील अत्यल्प संख्या पुरते. हातांवर ते काही तास व खेळणी, पाळणा, भांडी यांवर काही दिवस टिकू शकतात. म्हणूनच हा व्याधी केवळ दूषित पाण्याचा नव्हे. विहिरीत क्लोरीन टाकून पटकी व विषमज्वर पुष्कळ कमी होतात, रोटाव्हायरस तेवढ्याने थांबत नाही. ज्या प्रगत देशांत घरोघर शुद्ध पाणी आहे, तेथेही लसीपूर्वी जवळजवळ प्रत्येक बालकास पाच वर्षांच्या आत याची बाधा होत असे. फरक इतकाच की, तेथे मुले रुग्णालयात दाखल होत, आपल्याकडे दगावत.

लसीकरणापूर्वीच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार बालके रोटाव्हायरसच्या अतिसाराने मृत्यू पावत, सुमारे ८ लाख ७० हजार बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागे आणि ३२ लाखांहून अधिक बालके बाह्यरुग्ण विभागात उपचार घेत. अतिसारामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये हाच विषाणू सापडत असे.

संप्राप्ती

विषाणू लघ्वंत्राच्या अंतस्त्वचेवरील अंकुरांच्या टोकांशी असलेल्या परिपक्व पेशींचा नाश करतो. शोषणाचे काम याच पेशींचे असते, त्यामुळे अन्नरस व जल शोषले जात नाही. दूध पचविणारे लॅक्टेज हे विकरही तात्पुरते घटते. अंकुरांच्या तळाशी असलेल्या स्रावी पेशी मात्र शाबूत असतात, त्यांचा स्राव चालूच राहतो. शिवाय विषाणूचे एक प्रथिन विषाप्रमाणे कार्य करून स्राव वाढविते. अग्नी मंद होऊन अब्धातू वाढतो, मलाशी मिसळतो आणि वायूने अधोमार्गाने ढकलला जातो, ही आपल्या शास्त्रातील अतिसाराची संप्राप्ती येथे सहज आठवते. शब्द निराळे आहेत, परंतु जलाचा मार्ग बदलला आहे आणि पचनशक्ती खालावली आहे, हे दोन्हीकडे समान आहे.

येथे एक गोष्ट चिकित्सेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. अंत्रात ग्लुकोज व सोडियम जोडीने शोषून घेणारी यंत्रणा या व्याधीतही बऱ्याच अंशी कार्यक्षम राहते. त्यांच्यासोबत पाणीही आत खेचले जाते. जलसंजीवनीचा सारा आधार हाच आहे.

लक्षणे व सापेक्ष निदान

संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसू लागतात. बहुधा वांती व ज्वर प्रथम येतात आणि नंतर पाण्यासारखे, पिवळसर वा हिरवट, आंबूस वासाचे मलप्रवर्तन सुरू होते. ते तीन ते आठ दिवस चालते. मलात रक्त नसते. मल आम्लधर्मी असल्याने गुदाभोवती लाली येते. थंडीचे दिवस, दोन वर्षांखालील वय आणि वांतीने सुरुवात ही त्रयी असेल, तर रोटाव्हायरसचा विचार प्रथम करावा. मलपरीक्षणाने निश्चिती होऊ शकते, परंतु चिकित्सेसाठी तिची वाट पाहू नये.

पुढील अवस्थांत निदान निराळे असू शकते, हे ध्यानी ठेवावे.

१) मलात रक्त व आव असल्यास प्रवाहिका. रोटाव्हायरसवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नाही, रक्तातिसारात मात्र त्यांची गरज पडू शकते.

२) तांदळाच्या धुवणासारखा विपुल मल व झपाट्याने होणारा जलक्षय असल्यास पटकी.

३) थांबून थांबून उठणारी तीव्र किंकाळी, पाय पोटाशी घेणे, वारंवार वांती, पोटात गाठ लागणे, लालसर चिकट मल ही लक्षणे असल्यास अंत्रांतरप्रवेश, म्हणजे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरणे. यात क्षणाचाही विलंब न करता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

४) मान ताठर, टाळू फुगलेली, आक्षेप असल्यास मस्तिष्कावरणशोथ. टाळू खोल गेली आहे की फुगली आहे, हे हाताने पाहिल्यावाचून मूल घरी पाठवू नये.

जलक्षयाची परीक्षा

त्या दहा मिनिटांचे मुख्य काम हेच. चार गोष्टी पाहाव्यात : मूल सावध आहे, चिडचिडे आहे की मलूल, डोळे खोल गेले आहेत का, पाणी दिल्यावर अधाशीपणे पिते की पिऊच शकत नाही, आणि पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत होते, सावकाश होते की दोन सेकंदांहून अधिक वेळ घेते. चिडचिड, खोल डोळे, अधाशी तहान व सावकाश जाणारी त्वचा यांपैकी दोन लक्षणे असल्यास काही प्रमाणात जलक्षय समजावा. मलूलपणा वा बेशुद्धी, खोल डोळे, पिता न येणे आणि दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारी घडी यांपैकी दोन असल्यास जलक्षय तीव्र आहे. अर्भकात टाळू आणि शेवटची लघवी केव्हा झाली हेही विचारावे.

चिकित्सासूत्र

जलसंजीवनीचे महत्त्व आपल्या उपखंडानेच जगाला पटवून दिले. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे देण्याचे द्रव संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण पिण्यास देऊन असंख्य रुग्ण वाचविले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण प्रदान झाले. सध्या वापरात असलेली कमी संहतीची जलसंजीवनी २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेली आहे. एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम क्षार व शर्करा असतात.

अ) जलक्षय नसल्यास : दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक पातळ मलानंतर ५० ते १०० मिलि जलसंजीवनी. स्तनपान पूर्ववत, नव्हे अधिक वेळा. सहा महिन्यांवरील बालकास तांदळाची पेज, लाजमंड, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात चालू ठेवावा.

आ) काही प्रमाणात जलक्षय असल्यास : दवाखान्यातच बसवून ठेवून चार तासांत दर किलो वजनास ७५ मिलि द्यावे. आठ किलोच्या बालकास ६०० मिलि होतात. पाच मिलिचा चमचा धरला तर १२० चमचे, म्हणजे दर दोन मिनिटांस एक चमचा. हा हिशेब आईस असाच सांगावा. "भरपूर पाजा" असे म्हटले की आई एकदम वाटी तोंडास लावते, वांती होते आणि "पोटात काही ठरत नाही" म्हणून ती थांबते. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. चार तासांनी पुन्हा तपासावे.

इ) तीव्र जलक्षय असल्यास : शिरेवाटे रिंगर लॅक्टेट, दर किलो १०० मिलि. एक वर्षाखालील बालकास पहिले ३० मिलि एका तासात व उरलेले ७० मिलि पाच तासांत. ही सोय नसल्यास त्वरित पाठवावे, परंतु वाटेत चमच्याने जलसंजीवनी चालू राहील हे पाहावे. वस्तीवरून सांगोला आणि सांगोल्याहून पंढरपूर वा सोलापूर हा प्रवास बालकाच्या दृष्टीने लांबचा असतो.

याखेरीज जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी : दोन ते सहा महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करावेत, असे आवर्जून सांगावे.

पुडी करण्यातील चुका वारंवार आढळतात. एक लिटरची पुडी एका पेल्यात कालविली तर क्षारांचे प्रमाण धोकादायक होते. थोडी पुडी आज, थोडी उद्या असेही करू नये. पूर्ण पुडी पूर्ण लिटरभर पिण्याच्या पाण्यात घालून ते चोवीस तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. दुकानात मिळणारी गोड पेये, केवळ ग्लुकोजचे पाणी व चहा यांनी जुलाब वाढतात.

स्तंभन आणि सांगोल्याचे डाळिंब

आमच्या तालुक्यात डाळिंबाची साल प्रत्येक घरी असते. जुलाब लागले की साल उगाळून वा उकळून देण्याची रीत आहे. दाडिमत्वक् ग्राही आहे यात संशय नाही. परंतु आमावस्थेत प्रारंभीच स्तंभन करू नये, ही चरकाचार्यांची अतिसारचिकित्सेतील शिकवण आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. रोटाव्हायरसचा अतिसार मर्यादित दिवसांचा असतो. तेथे मल थांबविणे हे उद्दिष्ट नसून गेलेले जल भरून काढणे हे आहे. तुरट काढ्याने मुलाचे इवलेसे पोट भरले, तर जलसंजीवनीस जागा उरत नाही.

अहिफेनयुक्त कल्प, उदाहरणार्थ कर्पूररस, तसेच आधुनिक शास्त्रातील लोपेरामाइडसारखी अंत्रगती रोखणारी औषधे अर्भकास देऊच नयेत. मल दिसेनासा होतो, पोट फुगते आणि द्रव अंत्रातच साचून राहतो. आईस बरे वाटते आणि मूल मात्र खालावते. दीपन-पाचन सौम्य कल्प वैद्याने तारतम्याने योजावेत, ते जलसंजीवनीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. रोटाव्हायरसचा नाश करणारे सिद्ध औषध आज कोणत्याही वैद्यकात नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे.

लंघनाविषयीही एक शब्द. बालकात उग्र लंघन-शोधन वर्ज्य आहे. क्षीरप बालकाच्या विकारांत औषध धात्रीस देण्याचा क्रम संहितांत आहे, स्तन्य तोडण्याचा नाही. "दूध बंद करा" हा सल्ला आपल्या तोंडून जाऊ नये. तसेच बाळगुटी उगाळण्याची सहाण, गुटीचे पाणी व उगाळणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत. एका घरची सहाण शेजारच्या तान्ह्यासाठीही फिरते, हे आम्ही पाहिले आहे.

लसीकरण

एकदा बाधा झालेल्या बालकास पुढील बाधा सौम्य होते, या निरीक्षणावर लसीची कल्पना आधारलेली आहे. पहिली लस १९९८ साली अमेरिकेत आली, परंतु अंत्रांतरप्रवेशाचे प्रमाण वाढलेले आढळल्याने १९९९ साली ती मागे घेण्यात आली. त्यानंतर मोठ्या चाचण्यांतून तावून सुलाखून रोटारिक्स व रोटाटेक या लसी आल्या आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना रोटाव्हायरस लसीकरणाची शिफारस केली.

भारतीय लसीची कथा आपल्याला अभिमानास्पद आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांना रोटाव्हायरसची बाधा होऊनही ती आजारी पडत नाहीत, असे डॉ. महाराज किशन भान व सहकाऱ्यांना आढळले. अशा बालकांना पुढे तीव्र आजारापासून संरक्षणही मिळते, असे दिसले. त्यांच्यापासून मिळालेल्या ११६ई या सौम्य विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेक संस्थेने रोटाव्हॅक लस तयार केली. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दिल्ली, पुणे व वेल्लूर येथील ६७९९ बालके सहभागी होती. पुण्याचे काम के.ई.एम. रुग्णालयाच्या वढू येथील संशोधन केंद्राने केले. पहिल्या वर्षातील तीव्र अतिसारापासून ५६ टक्के संरक्षण आढळले. २०१४ साली परवाना मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश व ओडिशा या चार राज्यांत ती नियमित कार्यक्रमात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पाच प्रकारांवर चालणारी रोटासिल ही दुसरी लस दिली. २०१८ साली दोन्ही लसींना जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१९ साली ही लस शासकीय कार्यक्रमात विनामूल्य उपलब्ध झाली.

मात्रा तीन असून त्या ६, १० व १४ आठवडे वयास, पोलिओचे थेंब व पेंटाव्हॅलेंट लस यांच्यासोबत, तोंडावाटे देतात. उशीर झाल्यास पहिली मात्रा एक वर्ष पूर्ण होईपर्यंत देता येते व पुढील मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करतात. शक्यतो एकाच कंपनीच्या मात्रा द्याव्यात. ती उपलब्ध नसेल तर उपलब्ध लसीने क्रम पूर्ण करावा, मात्रा चुकवू नये. लसीपूर्वी व नंतर स्तनपानास हरकत नाही. सौम्य सर्दी वा जुलाब हे लस टाळण्याचे कारण नव्हे. पूर्वी अंत्रांतरप्रवेश झालेला असणे, रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर अभाव किंवा आधीच्या मात्रेची तीव्र अधिहर्षता असल्यास लस देऊ नये.

लसीने अंत्रांतरप्रवेश होतो का, असे काही सुशिक्षित पालक विचारतात. भारतात रोटाव्हॅक सुरू झाल्यावर दहा राज्यांत यासाठी देखरेख ठेवण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लसीशी संबंध आढळला नाही. तथापि वर दिलेली लक्षणे पालकांना समजावून सांगणे हे आपले कर्तव्य होय.

५६ टक्के म्हणजे अर्धवटच की, असाही आक्षेप येतो. प्रगत देशांत हेच प्रमाण अधिक असते. आपल्याकडे मातेची प्रतिपिंडे, कुपोषण, अंत्रातील इतर संसर्ग यांमुळे ते घटते असे मानतात. वेल्लूरच्या अभ्यासात तर नैसर्गिक बाधा तीनदा होऊनही संरक्षण ७९ टक्केच आढळले होते. परंतु व्याधी इतका व्यापक असता निम्मे तीव्र रुग्ण टळणे ही लहान गोष्ट नाही. लस सुरू झाल्यावर २०१६ ते २०२० या काळात नऊ राज्यांतील ३१ रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात, अतिसाराने दाखल बालकांतील रोटाव्हायरसचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आल्याचे दिसले. चरकाचार्यांनी सहज, कालज व युक्तिकृत असे बलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वैद्याच्या योजनेने बल वाढविता येते, हे तत्त्व आपणांस परके नाही.

आपला वाटा

लस उपकेंद्रात आरोग्यसेविका देते, मग आपण काय करावयाचे? आमच्या मते चार गोष्टी.

१) कोणत्याही कारणाने आलेल्या एक वर्षाखालील बालकाचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहावे. पहिले बाळंतपण माहेरी होते. सहा आठवड्यांची मात्रा माहेरी, दहाची चुकलेली आणि चौदाव्या आठवड्यास बाळ सासरी, असे अनेकदा घडते. कार्ड माहेरीच राहते.

२) मेंढरांमागे फिरणारी, ऊसतोडीस गेलेली व बागांवर कामास आलेली कुटुंबे गावच्या यादीत नसतात. त्यांची बालके आपल्याकडे मात्र येतात. त्यांस जवळच्या लसीकरण सत्राचा दिवस सांगावा, आशा कार्यकर्तीस कळवावे.

३) लस घेतली तरी जुलाब होऊ शकतात, कारण जुलाबांची इतर कारणे आहेत, हे आधीच सांगावे. अन्यथा पहिल्याच जुलाबाबरोबर लसीवरील विश्वास उडतो.

४) जलसंजीवनी व जस्त दवाखान्यात कायम ठेवावे. चिठ्ठीवर लिहून दुकानात पाठविल्यास ते बहुधा घेतलेच जात नाही.

उपसंहार

ज्या घरातील मुलाच्या बाबतीत आमची चूक झाली, त्याच घरात पुढे मुलगी झाली. तोवर लस सुरू झाली होती आणि तिच्या तिन्ही मात्रा वेळेवर झाल्या. पहिल्या हिवाळ्यात तिलाही वांती-जुलाब झाले. आजी या वेळी स्वतःच जलसंजीवनीचे तांब्या-चमचा घेऊन आली. मूल हसत होते, लघवी झालेली होती, टाळू समतल होती. तीन दिवसांत ती बरी झाली. हे लसीमुळे, चमच्यामुळे की दोहोंमुळे, हे एका रुग्णावरून ठरत नाही आणि तसा निष्कर्ष आम्ही काढत नाही. तिलाही दात येत होते. आजी म्हणाली, "दात येत्यात, पण पाणीबी जातंय न्हवं." यापेक्षा नेमके सापेक्ष निदान आम्हांस सांगता येणार नाही.

दात येतीलच. ते येत असताना टाळूवर हात ठेवावा, लघवीची विचारणा करावी, चमच्याचा हिशेब सांगावा आणि कार्ड पाहावे, एवढीच आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.